त्याला सांग

चेन पुली एकट्या माणसाला ओढता येते. पण हवेत लोंबकळणारं इंजिन एकट्याला गाडीत बसवता येत नाही. एकाने साखळी सोडायची आणि दुसऱ्याने ते धूड दोन्ही हातांनी सांभाळत, कलवत, गिअरबॉक्सच्या तोंडापाशी न्यायचं. म्हणून गाडीच्या कामात गेले चार महिने एकमेकांची सावली चुकवणारे दोन भाऊ त्या रविवारी सकाळी नऊ वाजता एका छपराखाली आले. ताईला पहाटेपासून काही सुचत नव्हतं. चहात तिने दोनदा साखर घातली होती आणि वहिनीने तो तोंड वाकडं न करता प्यायला होता, यावरूनच दिवस कसा होता ते कळावं.

"त्याला विचार, पुलीचा हूक तपासला का," बारक्या म्हणाला.

ज्याला विचारायचं तो दादा त्याच्यापासून चार हातांवर उभा होता. मध्ये फक्त इंजिन होतं.

"दादा, हूक तपासलास का?" ताईने विचारलं.

"दोनदा तपासला म्हणावं."

"दोनदा तपासलाय."

"ऐकलं," बारक्या म्हणाला.

वहिनी दारातल्या स्टुलावर बसून पुसायच्या चिंध्या फाडत होती. "वन्सं, तुम्ही एक कर्णा आणा," ती म्हणाली. "नाहीतर पाटीवर लिहून पाटी गळ्यात अडकवा. घसा तरी वाचेल."

भाऊ हसले नाहीत. भिंतीशी वेताच्या खुर्चीत बसलेले आप्पा मात्र ओठांतल्या ओठांत हसले. त्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. कान मात्र शाबूत होते. घरातला कुठला नळ गळतोय ते खुर्चीतून न उठता सांगत.

अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. ताईने वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. इकडची तार तिकडे जोडायची आणि मध्ये आपला कान घालायचा नाही. निवृत्त झाल्यावर घरी तेच काम मिळालं. "तिथे निदान जेवणाची सुट्टी असायची," असं ती वहिनीला म्हणे. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात, पण ताईच्या वाट्याला लाभ सोडून बाकी सगळं आलं होतं. ती थकली होती. लोकांचे निरोप नेता-आणता आपलं स्वतःचं बोलायचं राहून जातं, आणि पुढे पुढे आपल्याला काही बोलायचं होतं का, तेही आठवत नाही.

भांडणाचं मूळ आईच्या जाण्यात होतं. आई गेली ती संध्याकाळी. बारक्या तेव्हा दूरच्या शहरात, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये. दादा ताईला म्हणाला, "त्याला सकाळी कळव. आत्ता सांगितलं तर रात्रीच एकटा गाडी काढून निघेल. डोंगरातला रस्ता आहे." ताईने सकाळी फोन केला. बारक्या पोचला तोवर सगळं उरकलं होतं. कडक उन्हाळ्याचे दिवस, थांबता येण्यासारखं नव्हतं. "मला रात्रीच का नाही कळवलं?" त्याने विचारलं. रडून रडून ताईच्या घशाला कोरड पडली होती. "दादा म्हणाला, सकाळी कळव," एवढंच ती बोलली. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. फक्त निरोप अर्धा पोचला होता, आणि उरलेला अर्धा द्यायला योग्य वेळ नंतर कधी आलीच नाही. बारक्याने आईचं शेवटचं तोंड न दिसल्याचं सगळं खापर दादाच्या डोक्यावर फोडलं. दादा एकदा म्हणाला, "मला समजून घ्यायचं नसेल तर राहिलं," आणि ते राहिलं ते राहिलंच.

आणि आता ही गाडी. आप्पांच्या वडिलांनी ती आपल्या मालकासाठी तीस वर्षं चालवली आणि मालकाच्या मागे त्याच्या मुलांनी ती त्यांनाच देऊन टाकली. लांबलचक नाक, थाळ्याएवढे दिवे, आणि दार लावलं की तिजोरी बंद झाल्यासारखा आवाज. एकोणीस वर्षं ती आप्पांच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. डॉक्टरांनी आप्पांच्या छातीला नळी लावून ऐकलं आणि बाहेर येऊन दादाला सांगितलं की हृदय थकलंय, काय हवं-नको ते बघा. आप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "एकदा तिचा आवाज ऐकू द्या." मग जरा थांबून म्हणाले, "दोघांनी मिळून करा."

हे दुसरं वाक्य ताईने मनात गाठ मारून ठेवलं. आप्पांनी आवाज ऐकावा, आणि तो ऐकताना हे दोघं एकमेकांशी बोलत असावेत, एवढंच तिला हवं होतं. नंतर काय व्हायचं ते होवो.

'मिळून' या शब्दाचा अर्थ भावांनी आपापल्या सोयीने काढला. बारक्या आता बदली घेऊन याच शहरात आला होता. दुपारपर्यंतचं काम दादाचं, नंतरचं बारक्याचं. मध्ये ताई, हातात सुट्या भागांचे डबे आणि तोंडात निरोप.

इंजिन जुन्या धाटणीचं. त्याचं बेअरिंग दुकानातून आणून बसवायचं नव्हतं. कनेक्टिंग रॉडच्या तोंडात पांढरा धातू वितळवून ओतायचा आणि मग तो हाताने खरवडून क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या दांड्याच्या, अंगासरशी बसवायचा. शाफ्ट झिजलेला, तोही चार ठिकाणी चार तऱ्हांनी. पुन्हा घासून एकसारखा करावा एवढी जाडी त्यात उरली नव्हती. म्हणजे जो रॉड ज्या जागेचा, तो तिथेच, दुसरीकडे नाही. असलं काम करणारं आता कोणी मिळत नव्हतं. दादाला येत होतं, पण अर्धवट. बारक्याने कंपनीत ते कधी पाहिलंही नव्हतं.

"आणा इकडे," आप्पा म्हणाले होते.

दोन महिने ते खुर्चीत बसून खरवडत होते. शाफ्टला निळा रंग लावायचा, रॉड बसवून फिरवायचा, काढायचा. जिथे निळा डाग उठला तिथे धातू उंच. तो डाग आप्पांना कुठला दिसायला? तो ताई बघायची. "वर, डावीकडे, तांदळाएवढा," असं सांगायची, आणि आप्पा अंगठ्याने जागा हेरून तिथला केसभर धातू काढायचे. लहानपणी ताई त्यांच्यासाठी गाडीखाली दिवा धरायची, तेव्हापासून ते तिला मशालजी म्हणत. "मशालजी, म्हातारपणी तुला बढती मिळाली," ते म्हणायचे. "आधी नुसता दिवा होतीस, आता डोळा झालीस." एकेका रॉडला पंधरा दिवस लागले. चौथा झाला त्या दिवशी त्यांनी खरवडणी तिच्या हातात दिली. "पुसून ठेवून दे. आता माझ्या हातून हे व्हायचं नाही." त्यानंतर त्यांची बोटं पाण्याचा पेला धरतानाही थरथरू लागली.

रॉडवर खुणा करायचं काम दादाचं. एक ठिपका, दोन, तीन, चार. यात एक गोम होती. प्रत्येक सिलिंडरला एक रॉड, आणि सगळं जग इंजिनाचे सिलिंडर पुढून मोजतं, रेडिएटरच्या बाजूने. आप्पा मागून मोजायचे. "ताकद जिथून बाहेर पडते तिथून मोजा," असं त्यांचं म्हणणं, आणि दोन्ही पोरं त्यांच्या हाताखाली तसंच शिकली होती. पण या वेळी दादा हातोडी-पंच घेऊन बसला तो रेडिएटरच्या बाजूने.

"पुढून?" ताईने विचारलं.

"त्याला कंपनीत पुढून मोजायची सवय आहे. त्यानेच बसवायचेत, त्याला सोपं पडेल." दादाने वर न बघता ठिपका मारला. "त्याला सांग, या वेळी पुढून मोजलंय म्हणावं. त्याच्या पद्धतीने."

अकरा वर्षांत दादाने बारक्यासाठी केलेली ही पहिली गोष्ट. ताईचे डोळे भरून आले, आणि तिथेच घात झाला. इतकं चांगलं वाक्य आपण का उचलून न्यायचं, असं तिला वाटलं.

"हे मी नाही सांगणार," ती म्हणाली. "एवढं एक तरी तू सांग. तुझ्या तोंडाने."

दादाने पंच फडक्याला पुसला. "बरं, बघू."

या घरात 'बरं, बघू' म्हणजे 'नाही', हे ताईला चांगलं ठाऊक होतं. तरी तिने हट्ट धरला. बारक्या कुठेतरी अडेल, विचारेल, मग त्यांना बोलावंच लागेल, असा तिचा डाव. दोन दिवसांनी बारक्याने रॉड बसवले तेव्हा ती आप्पांना औषध द्यायला आत गेली होती. बाहेर आली तर तो रॉकेलने हात धूत होता. "झाले चारही. एक जरा घट्ट लागला," तो म्हणाला, "पण आप्पांचं काम, घट्टच असणार." कुठून मोजलंस, हा प्रश्न तिच्या ओठांपर्यंत आला. पण विचारलं असतं तर सगळंच सांगावं लागलं असतं, आणि मग ते वाक्य दादाचं राहिलं नसतं. खुणा स्पष्ट आहेत आणि बारक्या काही कच्चा कारागीर नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली आणि ती डबे आवरायला लागली.

त्याला आज तीन आठवडे झाले होते.

इंजिन जमिनीवरून उठलं तेव्हा साखळी कुरकुरली. बारक्या ओढत होता आणि दादा इंजिनाला अंगाशी धरून पावलं टाकत होता. त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती. साठीचा माणूस, पण बाजूला हो म्हणायची कोणाची टाप नव्हती.

"त्याला सांग, नाक वर, शेपटी खाली."

"बारक्या, नाक वर, शेपटी खाली."

"त्याला सांग, दिसतंय मला."

रेडिएटरच्या जागेवरून इंजिन आत सरकलं, तिरकं झालं, खाली उतरलं आणि दोन बोटं अलीकडे अडलं. गिअरबॉक्सचा दांडा क्लच प्लेटच्या दात्यांत शिरत नव्हता. बारक्या पाठीवर झोपून गाडीखाली गेला. ताई दिवा घेऊन गुडघ्यांवर बसली. दादाने पुढे हँडल लावून शाफ्ट फिरवायला सुरुवात केली.

"थोडं," खालून आवाज आला.

दादाने थोडं फिरवलं.

"आणखी."

"आणखी?"

"किंचित. बस. आता ढकल."

ताईने तोंड उघडलं होतं ते तसंच मिटलं. निरोप तिच्या डोक्यावरून परस्पर जात-येत होते. दोघांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं. मागून वहिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी पुटपुटली, "वन्सं, आता श्वाससुद्धा मोठ्याने घेऊ नका."

दादाने कंबर लावली. खट्ट करून इंजिन गिअरबॉक्सला जाऊन भिडलं.

"बसलं," आप्पा खुर्चीतून म्हणाले.

"बसलं," दोघं भाऊ एकदमच म्हणाले, आणि मग दोघांनाही आपण बोलल्याचं कळलं. दादा उगाच फडकं शोधू लागला. बारक्या बराच वेळ गाडीखालून बाहेर आला नाही.

बोल्ट लागले, पाइप लागले, रेडिएटर चढला, तेल-पाणी झालं. दुपारचे दोन वाजले. सुरू करण्याआधी दादाने एकदा हँडल हाताने फिरवून पाहिलं आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"फारच घट्ट आहे," तो इंजिनाला म्हणाला.

"नवीन मेटल आहे," बारक्या कार्बोरेटरला म्हणाला.

ताईला बारक्याचं 'एक जरा घट्ट लागला' आठवलं. ती बोलणार होती. तिने "दादा" अशी हाकसुद्धा मारली. दादाने वळून पाहिलं, आणि त्याच्या तेलाने काळवंडलेल्या चेहऱ्यावर असा काही मोकळेपणा होता की तिला आई असतानाचा दादा आठवला. "काय गं?" त्याने विचारलं. "काही नाही," ताई म्हणाली.

"त्याला सांग, हँडल त्याने मारावं," दादा म्हणाला. "माझा खांदा दुखतोय."

"त्याला सांग, या गाडीचं हँडल थोरल्यानेच मारायचं. आजोबांपासून तसंच आहे."

ताईने दोन्ही निरोप दिले नाहीत. गरज नव्हती. दादाने हात पुसून हँडल धरलं. पहिल्या वेळी नुसता फुसका सुस्कारा. दुसऱ्या वेळी एक ठसका. तिसऱ्या वेळी इंजिन लागलं.

लागलं ते असं लागलं, की शिवणयंत्रावर एखाद्या सरावलेल्या बाईने पाय ठेवावा. एकसारखं, मऊ, घाईगडबड न करता. आप्पांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. ताईने त्यांना उठवलं, गाडीपाशी नेलं आणि त्यांचा तळवा मडगार्डवर ठेवला. पत्रा थरथरत होता आणि त्यांची बोटंही, पण कोण कोणामुळे ते आता कळत नव्हतं. त्यांचे डोळे वाहू लागले. पुसायला त्यांनी हात काढला नाही.

"मशालजी, ऐकतेयस?"

"ऐकतेय, आप्पा."

"चारही बोलतायत."

वहिनी पदर तोंडाला लावून उभी होती. बारक्या आणि दादा बोनेटच्या दोन बाजूंना वाकले होते आणि बारक्याने काहीतरी म्हटलं. इंजिनाच्या आवाजात ते ताईला ऐकू आलं नाही, पण दादाने मान हलवली. आयुष्यभर पुरेल एवढं मिळालं, असं ताईला वाटलं. ते तिला दोन मिनिटं वाटलं.

मग आप्पांनी मान कलती केली. त्यांच्या चेहऱ्यावरचं पाणी तसंच होतं, पण चेहरा कारागिराचा झाला होता.

"एक वेगळं बोलतोय," ते म्हणाले. आणि लगेच, "बंद कर. बंद कर आधी."

बारक्या स्विचपर्यंत पोचेस्तोवर आतून ठोके सुरू झाले होते. बंद घराच्या दारावर कोणी आतून मुठी आपटाव्यात तसे. मग धातूवर धातू घासल्याची एक किंकाळी, आणि इंजिन जागच्या जागी आवळलं गेलं. रेडिएटरमधलं पाणी तेवढं खदखदत राहिलं.

इंजिन निवल्यावर बारक्याने तेल सोडलं. पसरट भांड्यात ते काळंशार उतरलं आणि त्यात चंदेरी चुरा चमकत होता. खालचं ऑइल चेंबर काढायलाही दोघं लागतात, म्हणून दोघं भाऊ गाडीखाली शेजारी शेजारी झोपले. ताई दिवा धरून बसली. चेंबर उतरलं. दादाने हात वर घालून पुढचा रॉड चाचपला आणि दिव्याच्या उजेडात मान वाकडी करून पाहिलं.

"चार ठिपक्यांचा इथे पुढे का लावलास?"

'त्याला विचार' नव्हतं, 'त्याला सांग' नव्हतं. अकरा वर्षांनी दादा जाणूनबुजून भावाशी बोलला तो हे बोलला.

"चौथा पुढेच येणार," बारक्या म्हणाला. "मागून मोजल्यावर."

"मागून मोजायला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? आप्पांची गाडी आहे. पहिल्या दिवशीच ठरवलं होतं, इथे कंपनीची अक्कल पाजळायची नाही. या घरच्या पद्धतीने करायचं." तो म्हणाला. "म्हटलं, तुलाही बरं वाटेल."

दादाने रॉडवरच्या ठिपक्यांवरून अंगठा फिरवला.

"खुणा मी पुढून केल्या होत्या," तो म्हणाला. "तुझ्यासाठी."

"मग एका शब्दाने सांगायचं ना."

"तू विचारायचंस."

"तू मला कधी काय सांगितलंयस? आई गेली तेही दुसऱ्या दिवशी."

"अरे, रात्रीचा निघाला असतास." दादाचा आवाज फुटला. "एकटा, रडत, त्या डोंगरातल्या रस्त्याने. एका रात्रीत दोघं जातील म्हणून जीव घाबरला होता माझा. म्हणून सकाळी कळव म्हटलं. हिला सांगितलं होतं मी हे सगळं. आणि पुढून मोजलंय हेसुद्धा हिलाच सांगितलं होतं."

गाडीखालून दोन चेहरे ताईकडे वळले. तेलाने माखलेले, एकाच नाकाडोळ्यांचे. इतकं साम्य आहे हे तिच्या कधी लक्षात आलं नव्हतं.

"ताई, आईच्या वेळी असं म्हणाला होता दादा?"

"म्हणाला होता."

"मला तर तू फक्त 'सकाळी कळव म्हणाला' एवढंच सांगितलंस."

"मला बोलवत नव्हतं रे त्या दिवशी."

"आणि नंतरची अकरा वर्षं?"

ताईने दिवा या हातातून त्या हातात घेतला.

"आणि हे पुढूनचं?"

'दादाच सांगणार होता' असं म्हणता आलं असतं. पण सांगणार नाही हे तिला तेव्हाच माहीत होतं, आणि आता अर्धा निरोप द्यायची तिची छाती झाली नाही.

"माहीत होतं मला," ती म्हणाली. "मी मुद्दाम नाही सांगितलं. वाटलं, दादाने स्वतः सांगावं. तेवढ्या निमित्ताने तुम्ही एकमेकांशी बोलाल."

"बोलतोय की," बारक्या म्हणाला.

दारातून वहिनी पुढे आली. ताईने आशेने तिच्याकडे पाहिलं, कारण या घरात भावांची बाजू सोडून तिची बाजू घेणारी ती एकटीच होती. वहिनी तेलातल्या चंदेरी चुऱ्याकडे बघत होती. "आप्पांचं काम होतं हो ते, वन्सं," ती हळूच म्हणाली, आणि गाडीच्या पलीकडे जाऊन नवऱ्याच्या पायाशी उकिडवी बसली.

"आणा इकडे," खुर्चीतून आप्पा म्हणाले.

पुढचा रॉड सुटायला अर्धा तास लागला. दादाने तो फडक्यात धरून त्यांच्या मांडीवर ठेवला. आप्पांनी अंगठा आतल्या गोलाईवरून फिरवला. जिथे पंधरा दिवस त्यांनी केसभर केसभर धातू काढला होता, तिथे तो भाजलेल्या सायीसारखा गोळा होऊन सरकला होता. त्यांनी अंगठा पुन्हा फिरवला, उलट्या बाजूने.

"पुन्हा ओतता येईल, आप्पा," दादा म्हणाला.

"ओतता येईल," आप्पा म्हणाले. त्यांनी रॉड परत दिला आणि दोन्ही हात शालीखाली घेतले.

ताई जवळ गेली. तिला पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण ती नुसती उभी राहिली. ती आल्याचं आप्पांना पावलांवरून कळलंच.

"दोन महिने तू मला तांदळाएवढा डाग सांगत होतीस," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि त्यानेच ताई आतून मोडली. "हे एवढं मोठं होतं गं. हे कसं नाही सांगितलंस?"

मशालजी ते म्हणाले नाहीत. ती वाट बघत राहिली, पण नाहीच म्हणाले.

दुपार कलली होती. इंजिन पुन्हा बाहेर काढायला लागणार होतं आणि भाऊ त्याच्या तयारीला लागले होते. एक वर, एक खाली. त्यांचं बोलणं अजून अवघडलेलंच होतं, दुखऱ्या दातावर जीभ लागावी तसं जपून, पण ते बोलत होते.

"दादा, मोठा पाना."

"घे. आधी पाइप सोड."

"सोडलाय."

"आणि साखळी घे ओढून, लगेच."

ताई सवयीने गुडघ्यांवर बसली आणि बारक्याच्या हातावर उजेड पडेल असा दिवा धरला. आणखी काय करायचं ते तिला सुचेना. दादाने वरून वाकून पाहिलं. तिच्यापासून तो दोन हातांवर होता, आणि त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

"बारक्या," तो म्हणाला, "तिला सांग, दिवा ठेव म्हणावं खाली. आणि आप्पांना आत घेऊन जा."

बारक्याने गाडीखालून मान वळवली. "ताई, दादा म्हणतोय..."

"ऐकलं," ताई म्हणाली.

तिने दिवा जमिनीवर ठेवला, त्याचं तोंड त्यांच्या कामाकडे राहील असं वळवलं, आणि आप्पांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं.